‘चंद्रकांता’ घरात मोठ्यानं वाचायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर उन्हाळ्यात रात्री ‘चंद्रकांता’चं वाचन चालतं. आजूबाजूच्या मराठी घरांतली मुलं येतात. त्यांना सोडायला आलेले आई-बाबा ‘पाचच मिनिटं’ म्हणून कठड्याशी टेकतात आणि मग सतरंजीवर जागा शोधतात. आपल्याही घरी हे करावं असं वाटणाऱ्यांचे प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. गोष्टीचा शेवट आणि मोठी रहस्यं इथे कुठेही फोडलेली नाहीत, तेव्हा ज्यांनी वाचलेली नाही त्यांनीही बेलाशक पुढे जावं.

ही नेमकी कसली गोष्ट?

देवकीनंदन खत्री यांची ही हिंदी कादंबरी. १८८८ पासून ती भागाभागानं निघाली, एकूण चार भाग. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं एकमेकांवर प्रेम आहे. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याचा तिच्यावर आणि गादीवर, दोन्हींवर डोळा आहे. एकट्यानं जमत नाही म्हटल्यावर तो चुनारगढच्या राजा शिवदत्ताला या भानगडीत ओढतो. एवढं ऐकून ‘हे तर नेहमीचंच’ असं कुणालाही वाटेल, आणि तसं वाटणं रास्तच आहे.

खरी मजा ऐयारांची. ऐयार म्हणजे राजाच्या पदरी असलेला हरहुन्नरी हेर. वेष पालटणं आणि वाऱ्यासारखं पळणं हे त्याचं मुख्य काम. शिवाय गाणं, वैद्यकी, शस्त्र चालवणं, कुणाच्याही आवाजात बोलणं. वीरेंद्रसिंहाचा जिवलग मित्र तेजसिंह हा असा ऐयार. चंद्रकांतेची सखी चपला हीसुद्धा. क्रूरसिंहाकडे नाजिम आणि अहमद, शिवदत्ताकडे पंडित बद्रीनाथ, पन्नालाल आणि आणखी मंडळी. हे ऐयार एकमेकांना असे काही गंडवतात की दोन बयानांनंतर, म्हणजे प्रकरणांनंतर, समोर आलेला माणूस तोच आहे ना, याची ऐकणाऱ्यालाही खात्री उरत नाही. आणि या सगळ्यांच्या मागे, चुनारच्या बाजूला, एक तिलिस्म उभा आहे: भुलभुलय्या, तळघरं, बंद दारं, कुणीतरी कधीकाळी दडवलेला खजिना.

म्हणजे जादूची गोष्ट का?

दिसते तशी, पण आतून फार हिशेबी आहे. ऐयाराचं रूप मंत्रानं बदलत नाही. तो झाडाआड बसतो, बटव्यातून रंग, केस, आरसा काढतो आणि तोंड रंगवतो. बेशुद्ध करायला पूड किंवा बुटी लागते, शुद्धीवर आणायला लखलखा हुंगवावा लागतो. तिलिस्मही कारागिरांनी बांधलेला असतो. कुठे पाय ठेवला की काय सरकतं, कुठली कळ दाबली की कुठलं दार उघडतं, याला नियम आहेत आणि ते लिहून ठेवलेलं पुस्तकही आहे.

ज्यांच्या घरातलं पोर प्रत्येक गोष्टीला ‘पण असं कसं होईल?’ विचारतं, त्यांना हे पुस्तक विशेष मानवतं. त्या पोराला लगेच उत्तर देऊ नका. त्यालाच विचारा, तू बांधला असतास तर कसा बांधला असतास? आमच्याकडे यावरून एका वर्षी पुठ्ठ्याचे तिलिस्म तयार झाले होते. त्यातला एक खरोखर उघडत नव्हता, शेवटी कात्रीनं फोडावा लागला.

कितव्या वर्षापासून ऐकवावी?

आठाच्या पुढे निर्धास्त. सहा-सात वर्षांची मुलंही बसतात, पण त्यांना वेषांतरांचा घोळ झेपत नाही आणि ती मांडीवर झोपतात. झोपू द्यावं. वरच्या बाजूला वयाची मर्यादा नाही. उलट चौदा-पंधरा वर्षांची मुलं, जी मोबाइल घेऊन कोपऱ्यात ‘मी ऐकत नाहीये’ असा चेहरा करून बसतात, त्यांच्याकडूनच दुसऱ्या दिवशी ‘तो चोबदार खरा होता का?’ असा प्रश्न येतो.

आम्ही मराठी माणसं, मग हिंदी पुस्तक कशाला?

हा प्रश्न पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात. इंदूरकर सहसा विचारत नाहीत. आपल्या घरात आजीशी मराठी, पोहेवाल्याशी हिंदी आणि शाळेत तिसरीच कुठली तरी भाषा, हे इतक्या पिढ्या चाललं आहे की कोण कुठून कुठे गेलं याचा पत्ता लागत नाही. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले मोठे कवी, त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले, घर एकच. आठवं हिंदी साहित्य संमेलन १९१८ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलं ते याच गावात, होळकरांच्या राज्यात. तेव्हा हिंदीतल्या या गोष्टीवर आपलाही हक्क आहे, आणि तो मागायला कुठे जावं लागत नाही.

मराठीतल्या अद्भुत गोष्टी वाचू नयेत असं कुणी म्हणत नाही. त्याही वाचाव्यात. पण घरातली तीन-चार वयं एका वेळी धरून ठेवणारी, इतक्या लहान-लहान तुकड्यांत कापलेली गोष्ट म्हणून ‘चंद्रकांता’ आमच्या अनुभवात सगळ्यांत सोयीची ठरली.

वाचायची हिंदीतूनच, की मराठीत सांगायची?

वाचा हिंदीतून. अडेल तिथे मराठीत बोला. खत्रींची भाषा जड नाही; त्या काळच्या बोलण्यातली, उर्दू शब्द सढळ हातानं वापरणारी, लहान वाक्यांची हिंदी आहे. ही गोष्ट वाचता यावी म्हणून त्या काळी कित्येक जण हिंदी शिकले असं हिंदी साहित्याच्या इतिहासात नेहमी सांगितलं जातं. ज्या पुस्तकापायी लोक लिपी शिकले ते इंदुरातल्या पोरांना जड जाणार नाही.

काही शब्द मात्र पहिल्या दिवशीच सांगून टाका, कारण ते पानोपानी येतात. कमंद म्हणजे भिंतीवर चढायची फासाची दोरी. बटुआ म्हणजे ऐयाराची पोतडी, त्याचा सगळा संसार त्यात. जफील म्हणजे खुणेची शीळ. बयान म्हणजे प्रकरण. रमल आपल्याकडे आजी-आजोबांना ठाऊक असतं. फासे टाकून लपलेल्या माणसाचा ठावठिकाणा काढणारे ज्योतिषी जगन्नाथ आले की रमल म्हणजे काय ते आजी-आजोबांनाच समजावून सांगायला लावा. आजोबांना काम मिळतं आणि वाचणाऱ्याला घोटभर पाणी प्यायला वेळ.

सगळी गोष्ट आधी वाचून मग मराठीत ‘सांगणारे’ बाबा-काका असतात. हेतू चांगला, पण सांगताना ते रहस्य आधी फोडतात. खत्री मुद्दाम लपवतात: एक माणूस झाडीतून आला, हा कोण ते पुढे कळेल, म्हणून वाचकाला तसाच लटकत ठेवून दुसरीकडे जातात. सांगणाऱ्याला ते सगळं माहीत असतं आणि त्याच्या तोंडावर दिसतं. वाचणाऱ्याच्या तोंडासमोर निदान पुस्तक असतं.

सुरुवात कशी करावी?

प्रस्तावना सोडून सरळ पहिल्या बयानापासून. संध्याकाळची वेळ, सूर्य थोडाथोडा दिसतोय, निर्जन माळ, टेकडीखाली एका खडकावर दोघं जण बसून बोलतायत. एक वीरेंद्रसिंह, वय एकवीस-बावीस. दुसरा तेजसिंह: कमरेला नुसता खंजीर, बगलेत बटुआ, हातात कमंद, आणि बोलता बोलता नजर चौफेर भिरभिरते आहे. समोर झाडाला खोगीर चढवलेला एक घोडा बांधला आहे.

इथे थांबा. पुस्तक मांडीवर उपडं ठेवा आणि मुलांना विचारा: माणसं दोन, मग घोडा एकच का? तेजसिंह बोलताना इकडे-तिकडे का बघतोय? बटव्यात काय असेल? मुलं जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. एकानं ‘चार्जर’ म्हटलं होतं. घोडा एकच का, याचं उत्तर एका मुलीनं ‘दुसऱ्याला पळता येतं’ असं दिलं. ऐयाराचं काम काय ते आम्ही अजून सांगितलंही नव्हतं.

प्रस्तावना नंतर केव्हातरी वाचा, मुलांना ऐयार आवडायला लागल्यावर. त्यात खत्री सांगतात की पूर्वी राजदरबारी ऐयार असत आणि राजांची भांडणं लागली की हे लोक आपल्या चलाखीनं, सैन्याचं रक्त न सांडता, ती मिटवून टाकत. अख्ख्या पुस्तकाची किल्ली त्या दोन-तीन ओळींत आहे.

केव्हा वाचावी, आणि किती दिवस लागतात?

रात्री, जेवणं झाल्यावर. मे महिन्यात दिवसभर इंदूर भाजून निघतं, पण नऊनंतर गच्चीवर वारा सुटतो. जुने लोक ‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा’ म्हणायचे ते उगीच नाही. काशीच्या माणसानं लिहिलेली गोष्ट मालव्याच्या रात्री वाचायची, दोन्हींकडचं उत्तम पदरात.

बयान लहान असतात. बरेचसे पंधरा मिनिटांत संपतात, काही त्याहूनही आधी. पुस्तक साधारण तीनशे-साडेतीनशे पानांचं आहे. रोज एकच बयान धरला तर उन्हाळ्याची सुट्टी पुरत नाही, दोन धरले तर पुरते. तिसरा वाचायचा आग्रह होतो, तो मोडून काढा. खत्री बयान अशा जागी तोडतात की पोरांना झोप लागू नये. ती तगमग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली पाहिजे, तरच सगळे वेळेवर हजर होतात.

पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलं तर गाडी मध्येच अडते असा अनुभव आहे. शाळा सुरू झाल्या की रात्रीची मुभा संपते.

नावं लक्षात राहत नाहीत. काय करावं?

सगळ्यांचंच होतं. एका मोठ्या कागदावर तीन किल्ले काढून भिंतीला लावा: नौगढ, विजयगढ, चुनारगढ. नौगढखाली राजा सुरेंद्रसिंह, त्यांचा मुलगा वीरेंद्रसिंह, दिवाण जीतसिंह, त्यांचा मुलगा तेजसिंह. विजयगढखाली महाराज जयसिंह, चंद्रकांता, चपला, चंपा. चुनारखाली शिवदत्त आणि त्याचे ऐयार. क्रूरसिंह, नाजिम, अहमद यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवा, कारण त्यांना एका किल्ल्यावरून काढून दुसऱ्यावर चिकटवावं लागतं. कोण कोणाच्या कैदेत आहे तेही चिठ्ठी सरकवून दाखवता येतं. हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलांकडे द्या आणि त्यात लुडबुड करू नका.

खलनायकाचं नावच क्रूरसिंह आणि त्याच्या बापाचं कुपथसिंह, त्यामुळे वाईट कोण ते तरी विसरायला होत नाही. खत्रींनी या बाबतीत वाचकावर अजिबात विसंबून ठेवलेलं नाही.

भीतिदायक आहे का? मारामारी किती?

मारामारी असावी त्यापेक्षा कमी. ऐयारानं ऐयाराला जिवे मारायचं नाही, पकडून कैदेत टाकायचं, असा त्या जगाचा रिवाज आहे. पकडलेला ऐयार पुढे बाजू बदलतो असंही होतं. लढाया आहेत, खंजीर चालतात, माणसं मरतातही, पण लेखक रक्तात रमत नाही. त्याला गाठोडं बांधण्यात रस आहे. शत्रूला बेशुद्ध करायचं, चादरीत बांधायचं, पाठीवर टाकायचं आणि पळत सुटायचं! हे इतक्या वेळा होतं की आमच्याकडे ‘गठरी’ शब्द आला की पोरं एका सुरात टाळी देतात.

भीती वाटते ती तिलिस्मात. दगडाचा एक मोठा बगळा आहे, जवळ गेलेल्या माणसाला तो चोच उघडून गिळतो. कुणाला गिळतो ते सांगत नाही. हा भाग वाचताना आवाज खाली आणा, वर नेऊ नका. ओरडून वाचलं की मुलं हसतात. हळू वाचलं की सतरंजीवर सरकत सरकत जवळ येतात. फारच लहान मूल असेल तर त्या रात्री पुढचा बयानही वाचून टाका. वरचा नियम मोडायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

मुलं पावडर हुंगवून एकमेकांना ‘बेशुद्ध’ करतात. थांबवावं का?

टाल्कम पावडर असेल तर डोळ्यांत जाणार नाही एवढं पाहावं आणि दुसरीकडे बघावं. बेशुद्ध पडायचं नाटक करणारा बहुधा ज्याला पडायचं नाही त्याच्यावरच पडतो आणि खेळ आपोआप आटपतो. मात्र घरातली औषधं, फिनेल, उंदराचं औषध या दिवसांत वरच्या फळीवर ठेवा. आणि गोष्टीत अनोळखी माणसानं दिलेलं अत्तर, फूल, मिठाई घेऊन शहाणीसुरती माणसंही फसतात, हे मुलांना वेगळं समजावून सांगायची गरज पडत नाही. तिसऱ्या-चौथ्यांदा तसा प्रसंग आला की तीच पुस्तकावर ओरडतात, ‘अरे, घेऊ नकोस!’

राजकन्या नुसती वाट बघत बसते का? मुलींनी काय ऐकायचं?

चंद्रकांता पहिल्या भागात बरंच झुरते, हे मान्य. पण चपला झुरत नाही. ती ऐयारा आहे, संशय आधी तिला येतो, सापळा ती लावते, वेष ती पालटते, आणि तेजसिंहाच्या तोडीस तोड उतरते. आमच्या गच्चीवर ‘मी चपला’ म्हणणाऱ्या मुली नेहमी जास्त असतात. चंद्रकांता व्हायला कुणी तयार होत नाही, शेवटी एखाद्या भावाला ओढणी देऊन बसवतात. पुढे घोड्यावरून येणारी वनकन्या भेटते. ती मोजकं बोलते, शस्त्र बाळगते, वेळेवर येते आणि विचारायच्या आत निघून जाते. तिच्याविषयी एक अक्षरही आधी सांगू नका. मोठ्या मुलींना आधी वाटतं की आपल्याला कळलं. वाटू द्या.

कुमार फार रडतात. ते भाग गाळले तर चालतील?

चालतील. वीरेंद्रसिंह लढाईत शूर आहे, पण चंद्रकांतेची आठवण निघाली की उसासे, आसवं, अन्नपाणी वर्ज्य. त्या काळच्या प्रेमकथांची ती रीत होती. एकदा-दोनदा पूर्ण वाचा, त्याशिवाय तेजसिंह त्याला कसा वळणावर आणतो ती गंमत कळत नाही. नंतर एखादा परिच्छेद गाळला तर खत्री रागावणार नाहीत. बागांची आणि डोंगरदऱ्यांची वर्णनं मात्र गाळू नका. त्यातल्या झऱ्याचा किंवा कोपऱ्यातल्या दालनाचा पुढे उपयोग होतो आणि तुम्ही गाळलेलं असेल तर पुढच्या आठवड्यात तुम्हीच अडकता.

आजच्या काळात खटकेल असं काही आहे का?

आहे. पहिल्या भागात खलनायकाचे दोन्ही ऐयार मुसलमान आहेत आणि त्यावरून पात्रांच्या तोंडी काही शेरे येतात. दासदासींना कुणी माणसात धरत नाही. राजे चांगले असोत की वाईट, प्रजेला कुणी काही विचारत नाही.

हे पानं उलटून लपवण्यापेक्षा वाचून त्यावर बोललेलं बरं, असं आमचं मत. एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ऐयार आणि तिलिस्म हे दोन्ही शब्द, आणि वेषांतराचे हे डाव, खत्रींच्या हाती आले ते फारसी-उर्दू दास्तानांच्या, म्हणजे लांबलचक अद्भुत कथांच्या, परंपरेतून. अमीर हमज्याच्या दास्तानांत हे ऐयार आधीपासून बटवे घेऊन फिरत होते, आणि त्यांतलीच ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून छापून येऊ लागली होती, म्हणजे ‘चंद्रकांता’च्या ऐन तोंडावर. हे कळल्यावर नाजिम-अहमदकडे मुलं वेगळ्या नजरेनं बघतात. एकानं तर ‘मग हे दोघे तेजसिंहाचे काका लागतात’ असा निवाडा दिला.

आम्ही मालिका पाहिली आहे. आता वाचण्यात काय अर्थ?

नीरजा गुलेरींची मालिका दूरदर्शनवर १९९४ साली आली. तेव्हा रविवारी सकाळी पोहे-जिलबीच्या बशा दूरचित्रवाणीसमोर नेऊन ठेवणाऱ्या पिढीला आज मुलं आहेत, आणि त्या आई-बाबांना क्रूरसिंहाचं ‘यक्कू’ हे पालुपद अजून तोंडपाठ आहे. अखिलेंद्र मिश्रांनी ते काम केलंही तसंच. पण मालिकेनं पुस्तकातलं नाव, थोडी माणसं आणि तिलिस्म घेतला, बाकी स्वतःच्या मनानं रचलं. पात्रं वाढवली, खरोखरची जादूही घातली. त्यामुळे मालिका पाहिलेल्यांनाही पुस्तकात पुढे काय होणार ते कळत नाही, उलट त्यांचे अंदाज जास्त चुकतात. पुस्तकात ‘यक्कू’ नाही, एवढं पहिल्याच दिवशी सांगून टाका. बाबा लोकांचा थोडा हिरमोड होतो.

मुलांसाठी काढलेली संक्षिप्त आवृत्ती घ्यावी का?

आमचं उत्तर: नको. संक्षिप्त आवृत्तीत प्रेमकथा उरते आणि ऐयारी जाते. कोण कोणाचा वेष घेऊन कुठल्या दारानं आत शिरलं, हे बारकावे पानं वाचवायला पहिल्यांदा कापले जातात. त्या बारकाव्यांवाचून राहते ती एक राजा-राणीची गोष्ट. वेळ नसेल तर पूर्ण पुस्तकाचा पहिला भागच वाचा आणि थांबा.

पुस्तक कुठे मिळेल?

खजूरी बाजारात विचारा, हिंदी पुस्तकांच्या दुकानात बहुतेक मिळतं. खत्रींचं निधन १९१३ साली झालं, त्यामुळे पुस्तकावर आता कुणाचा हक्क नाही. अनेक प्रकाशक छापतात आणि इंटरनेटवरही ते फुकट वाचता येतं. निवडताना एवढं बघा की चारही भाग आहेत आणि अक्षर मोठं आहे. रात्री गच्चीवरच्या दिव्यात बारीक अक्षर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. मोबाइलवरून वाचू नये. वाचता वाचता कुणाचा तरी निरोप वर येतो आणि बगळ्याची चोच अर्धवट उघडी राहते.

पुढे ‘चंद्रकांता संतति’ वाचावी का?

थोडं थांबून. चोवीस भाग आहेत, आणि ते वेगळ्याच मापाचं काम आहे. पुढची पिढी, जमानियाचा अफाट तिलिस्म, मायारानी, कमलिनी, आणि भूतनाथ नावाचा ऐयार, ज्याच्या पोटात जुनी पापं आहेत. चांगला की वाईट हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही असा माणूस खत्रींनी तिथे उभा केला. हातात धरल्यावर लखलखणारा आणि अंगाला लागताच झटका देणारा तिलिस्मी खंजीरही तिथलाच. तेरा-चौदा वर्षांपुढच्या मुलांनी एकट्यानं वाचावी. मोठ्यानं वाचायला ती फार गुंतागुंतीची आहे. शेवटाकडे प्रत्येक पात्र आपली मागची हकीकत सांगायला बसतं. भूतनाथावर खत्रींनी स्वतंत्र कादंबरीही लिहायला घेतली होती, ती त्यांच्या मागे मुलगा दुर्गाप्रसाद खत्री यांनी पुरी केली.

आणि एक व्यवहाराचं. ‘चंद्रकांता’ चालू असताना ‘संतति’ घरात दिसेल अशी ठेवू नका. चौथीतल्या मुलानं फळीवरचं नाव वाचून ‘म्हणजे लग्न होतं!’ असं जाहीर केल्याचा प्रसंग घडून गेला आहे.

ते किल्ले खरे आहेत का? बघता येतात?

तिन्ही नावं खरी. चुनारचा किल्ला गंगेच्या काठी, मिर्झापूर जिल्ह्यात, वाराणसीहून साधारण चाळीस किलोमीटर. विजयगढचा किल्ला सोनभद्र जिल्ह्यात, नौगढ चंदौलीत. काशीनरेशांच्या मुलखातल्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका खत्रींकडे होता. त्या निमित्तानं ते तिथले पडके किल्ले, गुहा, दऱ्या हिंडले, आणि ठेका गेल्यावर तेच सगळं कागदावर उतरलं. त्याच जंगलात आज चंद्रप्रभा अभयारण्य आहे, राजदरी आणि देवदरीचे धबधबे आहेत. काशीयात्रेला जाणाऱ्या आजी-आजोबांबरोबर मुलं असतील तर चुनारसाठी एक दिवस काढावा. तिथे तिलिस्म नाही हे आधी सांगून ठेवा, तरी मुलं भिंतीवरचे दगड दाबून बघतातच.

एखाद्या रात्री मूल आलं नाही तर मागचं सांगत बसायचं का?

वाचणाऱ्यानं सांगू नये, दुसऱ्या मुलानं सांगावं, तेही वाचन सुरू होण्याआधी. सांगणारा काही तरी चुकीचं सांगतो, बाकीचे त्याला अडवतात आणि पाच मिनिटांत सगळ्यांचीच उजळणी होते. सगळीच घरं लग्नाला गेलेली असतील तर वाचन बंद ठेवा. अर्ध्या मंडळींनी पुढे जाऊन रहस्य फोडण्यापेक्षा एक रात्र सेव-परमलवर गप्पा मारलेल्या बऱ्या.